सदाफुलीचा काढा

“तुम्ही तिला थांब म्हणालात?”

“नाही.”

“मग जा म्हणालात?”

“नाही.”

“मग काय म्हणालात, महाराज?”

सोमगिरी महाराजांनी नजर अंगणाकडे वळवली.

“काहीच नाही.”

“तेच विचारायला आलेय मी. का नाही म्हणालात?”

विचारणारी वसुधा इंगवले होती. आजऱ्याच्या पुढे एका सड्यावर, डोंगरमाथ्याच्या कातळी पठारावर, सोमगिरींचा लहानसा मठ होता. कॉलेजात असताना सुट्टी लागली की वसुधा तिथे चालत यायची, ओसरीवर बसायची, महाराजांशी वाद घालायची. पुढे तिला शिकायचं होतं आणि वडील लग्न ठरवत होते, तेव्हा महाराजांनी वडिलांना बोलावून घेतलं होतं आणि मुलीला शिकू द्या, एवढंच सांगितलं होतं.

आता ती पुण्याच्या एका प्रयोगशाळेत होती. वनस्पतींतली द्रव्यं पेशींवर काय परिणाम करतात, हा तिचा विषय. तिला परदेशातून व्याख्यानाची बोलावणी यायची. तिचं बोलणं लोक मध्ये तोडत नसत आणि याची तिला चांगलीच सवय झाली होती.

आज मठात शिरताना तिने नमस्कार केला नव्हता.

सगुणा पोवार तिची शाळेतली मैत्रीण. दोघी एका बाकावर बसायच्या. सगुणा काजूच्या कारखान्यात बिया फोडायची, दोन मुली होत्या. वर्षाच्या सुरुवातीला तिच्या मानेत गाठी आल्या. कोल्हापूरच्या इस्पितळात तपासणी झाली. गाठींचा कॅन्सर निघाला, पण औषधाला दाद देणारा. डॉक्टर म्हणाले होते, पूर्ण उपचार घेतले तर बरी होण्याची आशा चांगली आहे.

दोन किमो झाल्या. तिसरीला सगुणा गेलीच नाही. ती मठात येऊन राहिली आणि रोज तिथला सदाफुलीचा काढा पिऊ लागली. तिच्या नवऱ्याने शेवटी वसुधाला फोन केला. सांगता सांगता तो रडत होता.

“तिला इथे बरं वाटत होतं,” महाराज म्हणाले.

“गाठी वाढताहेत. बघितल्यात?”

“बघितल्या.”

“तरी गप्प?”

“पानाने गुण येतो की नाही, मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नसताना काय बोलायचं?”

“ठाऊक नाही, एवढं तरी बोलायचं. माझ्या वडिलांशी बोलताना तुम्हाला तोंड होतं, महाराज. तिच्याशी बोलताना कुठे गेलं?”

ओसरीच्या टोकाला अनंत शिंत्रे उभे होते. मठाचं सगळं तेच पाहायचे. त्यांनी पुढे होऊन वसुधाला सांगितलं, की महाराजांशी असं बोलायची इथे रीत नाही.

महाराजांनी त्यांना हाताने थांबवलं.

“बोलू दे. बरोबर बोलतेय.”

हे वसुधाला अनपेक्षित होतं. वाटेत तिने पुष्कळ मुद्दे मनात जुळवून आणले होते. त्यांचं काय करायचं, तिला कळेना…

महाराज उठले आणि सदाफुलीच्या वाफ्याशी जाऊन बसले. त्यांनी एक पान खुडलं.

“यात असतं काय? मला समजेल असं सांग.”

वसुधा उभ्याउभ्याच सांगू लागली. मग तीही खाली बसली. तिने सांगितलं, की सगुणाला इस्पितळात सलाइनमधून जी औषधं देत होते, त्यांतलं एक मुळात याच झाडातून निघालेलं आहे. शिंत्रे चमकले. त्यांना हे माहीत नव्हतं. इस्पितळातलं ते विष आणि मठातलं ते अमृत, असंच ते आजवर लोकांना सांगत आले होते.

महाराजांनी विचारलं, ते पेशीला मारतं कसं?

“ते मारत नाही,” वसुधा म्हणाली. “पेशीला एकाची दोन व्हायचं असतं, तेव्हा ती आत बारीक धागे उभारते. आपला ऐवज त्या धाग्यांनी दोन्ही बाजूंना सारखा ओढून घेते. यातलं द्रव्य ते धागे उभेच राहू देत नाही. पेशी अर्ध्यावर अडकते.”

“अडकली म्हणजे मेली?”

“नाही. मग तिच्या आत एक निरोप निघतो. एका रेणूकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे. आता हे निस्तरणार नाही, असा. तो शेवटपर्यंत पोचला, की पेशी आपण होऊन आवरतं घेते. फुटत नाही, सांडत नाही. स्वतःच्या लहान लहान पुड्या बांधते. शेजारच्या पेशी त्या गिळून टाकतात. सूज नाही, पू नाही.”

“मरायचं कसं, हे तिला ठाऊक असतं?”

“आधीपासूनच. तुमच्या-माझ्या अंगात आत्ताही हे चाललंय. कॅन्सरची पेशी हा निरोप ऐकेनाशी झालेली असते. औषध तिला असं कोंडीत धरतं, की ऐकावंच लागतं.”

“तरी नाही ऐकलं तर?”



“काही पेशी नाहीच ऐकत.”

महाराजांनी मागच्या पडवीकडे मान वळवली. तिथे चुलीवर मोठं पातेलं रटरटत होतं. काढा घेण्यासाठी आलेली माणसं अंगणात रांग धरून बसत होती. कुणाच्या हातात पेला, कुणाच्या हातात बाटली.

“आणि त्या पातेल्यात?”

तिने सांगितलं, की औषधापुरतं चिमूटभर द्रव्य काढायला पानांचे ढीग लागतात. पातेल्यात ते किती उतरतं, आज किती आणि उद्या किती, पोटात गेल्यावर अंगी किती लागतं, कुणीच सांगू शकणार नाही. अपाय करण्याइतकं असेलही. गुण येण्याइतकं नसावं.

“म्हणजे निरोप अर्धवट जातो.”

“हो. आणि अर्धवट निरोप कधीकधी नसल्यापेक्षा वाईट. त्यात ज्या पेशी तगतात, त्या पुढे खऱ्या औषधालाही जुमानत नाहीत.”

महाराजांनी हातातलं पान खाली ठेवलं.

“पटतंय का तुम्हाला?” वसुधाने विचारलं. तिला त्यांच्या तोंडून होकार हवा होता.

“पटवून कशाला घ्यायचं. कळलं.”

ते उठले आणि पडवीत गेले. उपरण्याची दोन्ही टोकं हातांना गुंडाळून त्यांनी पातेलं चुलीवरून उतरवलं. वय झालं होतं, पातेलं जड होतं, वाफ तोंडावर येत होती. शिंत्रे धावले आणि त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने दुसरी कड धरली. पातेलं अंगणात आलं. मग महाराज ते कलंडवू लागले, तेव्हा शिंत्र्यांच्या लक्षात आलं.

त्यांनी कड सोडली नाही. हळू आवाजात ते सांगू लागले, की त्यांची आई याच काढ्यावर कितीतरी वर्षं जगली. ते खोटं नव्हतं. निदान त्यांना ते खोटं वाटत नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले होते.

दोघे तसेच उभे राहिले, मध्ये पातेलं…

“अनंता, सोड.”

“लोक इथे कशाला येतील मग, महाराज?”

“नाही येणार.”

शिंत्र्यांनी कड सोडली.

हिरवट काढा मातीतून वाहत गेला. रांगेतल्या माणसांनी पाय वर घेतले.  महाराजांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की या काढ्याने हा रोग बरा होतो हे त्यांना कधीच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही हे त्यांनी कधी सांगितलं नाही. चूक त्यांची आहे. ज्याला गाठ आहे, रक्त पडतं आहे, त्याने आजच डॉक्टरकडे जावं.

रांगेत एक बाई उठून उभी राहिली. डोक्याला रुमाल, हातात रिकामा पेला.

“माझ्या वाटणीचा का वतलासा?” सगुणाने विचारलं.

वसुधा पुढे झाली. पिशवी भर, खाली जीप उभी आहे, असं ती एका दमात म्हणाली.

“मी येत न्हाई.”

“सगुणा, हा पोरखेळ नाही.”

“न्हाईच म्हणतीया मी.”

वसुधाने तिला सगळं सांगून पाहिलं. गाठींचा प्रकार, बऱ्या होणाऱ्यांचं प्रमाण, खाडा केल्याने वाढणारा धोका. आवाज चढत गेला. तुझ्या मुलींचा तरी विचार कर, असंही ती बोलून गेली.

सगुणा ऐकून घेत होती. मग तिने पेला खाली ठेवला.

“वसू, तिथं दोन खेपा गेले मी. खाटंच्या ह्या अंगाला एक डॉक्टर, त्या अंगाला एक. माझ्या टकुऱ्यावरनं दोघं बोलत व्हते. केस गेलं, गेलं तर गेलं. पर माझी बोटं गेली. बी हातात धरली तर कळत न्हाई, धरली का पडली. मी इचारलं, तर म्हणाले, व्हतंय तसं. आणि तू आलीस, तू बी हुकूमच करतीयास. म्हाराज काय बोलत न्हवते, पर डोक्यावर हात तर ठेवत व्हते.”



वसुधाला खूप काही बोलता आलं असतं.  तिने फक्त सगुणाचा हात हातात घेतला. काजूच्या तेलाने काळवंडलेली, भेगाळलेली बोटं. तिने एकेका टोकाला नखाने हलकेच टोचून बघितलं आणि विचारलं, कळतंय? सगुणाने नकारार्थी मान हलवली. इथे? नाही. इथे? थोडं.

मग ती तिच्याशेजारी ओल्या मातीत बसली आणि तिने सांगितलं. नसांमध्येही तसेच धागे असतात, लांबच लांब, पाठीच्या कण्यापासून बोटाच्या टोकापर्यंत. औषधाला गाठीतला धागा आणि बोटातला धागा वेगळा कळत नाही. म्हणून मुंग्या, म्हणून बधिरपणा. बोटं गेलेली नाहीत. बहुतेकांची हळूहळू सुधारतात, वेळ लागतो. फार झालं तर डॉक्टर त्या औषधाची मात्रा कमी करतात, पण त्यासाठी त्यांना हे सांगायला लागतं, आणि त्यांनी ऐकायला लागतं.

“हे तिथं का न्हाई सांगितलं कुणी?”

“सांगायला हवं होतं.”

“किमो चालू व्हती तवा तू फोनवर दोनदा बोललीस. तू तरी सांगितलंस?”

“नाही,” वसुधा म्हणाली. “मी तुला विचारलंच नाही.”

सगुणाने आपली बोटं मिटून उघडून बघितली. महाराज तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

“सगुणा, जा.”

“तुमी बी हाकलताय?”

“हाकलत नाही. मी येतोय बरोबर.”

शिंत्र्यांनी तोंड फिरवलं. सोमगिरी गेल्या कित्येक वर्षांत सड्याखाली उतरले नव्हते.

सगुणाने पिशवी भरायला वेळ घेतला. येते ती कुणाच्या सांगण्यावरून नाही, असं तिने दोघांनाही बजावलं. तिला बोटं परत हवी होती, आणि मुलींच्या वेण्या तिला स्वतःच्या हाताने घालायच्या होत्या.

इस्पितळात पुन्हा दोन डॉक्टर आले, खाटेच्या दोन अंगांना उभे राहिले आणि आपसांत बोलू लागले. सगुणा उठून बसली.

“मी हितं हाय,” ती म्हणाली. “माझ्याशी बोला.”

त्यातला तरुण डॉक्टर गोंधळला. मग त्याने स्टूल ओढलं आणि बसला. त्याने बोटं तपासली, तिला बोलू दिलं. औषधाची मात्रा थोडी उतरवता येईल, असं तो म्हणाला. खाड्यामुळे किती नुकसान झालंय ते आत्ता सांगता येणार नाही, हेही त्याने लपवलं नाही.

सगुणाला ते आवडलं. तिने वसुधाकडे बघितलं, म्हणाली, “ह्यो बरा हाय.”

महाराज वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसायचे. त्यांना कुणी ओळखत नव्हतं. सफाईवाल्या बाई त्यांना पाय वर घ्यायला सांगायच्या, ते घ्यायचे.

एकदा शेजारच्या वॉर्डातून एक माणूस भिंतीला धरत धरत आला आणि त्यांच्या पायाशी वाकला. धोंडिबा सुतार, गडहिंग्लजकडचा. त्याने महाराजांना सांगितलं, की त्याने वर्षभर नेमाने काढा घेतला. एक दिवस चुकवला नाही. आता डॉक्टर म्हणतात, आधी आला असतास तर.

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. आपण नेम पाळला, एवढंच त्याला महाराजांच्या कानावर घालायचं होतं.

महाराजांनी त्याला उठवून शेजारी बसवून घेतलं.  वसुधा औषधं घेऊन परतली, तेव्हा महाराजांनी त्या माणसाचा हात दोन्ही हातांत धरलेला होता आणि महाराज रडत होते. तिने त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. ती जिन्यात थांबून राहिली.

धोंडिबा त्याच आठवड्यात गेला. महाराज त्याच्या गावी गेले. त्याच्या बायकोसमोर, भावांसमोर त्यांनी काढ्याचं सगळं सांगितलं. थोरल्या भावाने त्यांना दारातून बाहेर काढलं. ते गेले, आणि दिवसकार्याला पुन्हा आले. तेव्हाही कुणी त्यांना बसा म्हणालं नाही. ते उभे राहिले.

सगुणाचे उपचार पावसाळाभर चालले. मधे ताप आला, मधे रक्तातल्या पेशी इतक्या उतरल्या की सगळेच घाबरले. पण गाठी बसत गेल्या. शेवटच्या तपासणीत काही दिसलं नाही. डॉक्टर म्हणाले, अजून काही वर्षं लक्ष ठेवावं लागेल, पण आज तरी रोग नाही. बोटांना थोडं थोडं कळायला लागलं होतं. सुई अजून धरता येत नव्हती, वेणी घालता येत होती.

मठ मात्र ओस पडला. शिंत्रे निघून गेले. त्यांच्यामागे बाकीचे गेले. महाराजांना डॉक्टरांनी फितवलं, असं बाजारात लोक बोलू लागले. महाराज स्वतः पाणी भरत, स्वतः भाकरी थापत.

दसरा झाल्यावर वसुधा आणि सगुणा दोघी सड्यावर गेल्या. महाराजांना तपासणीची बातमी द्यायची होती. वसुधाने या वेळी नमस्कार केला. बातमी ऐकून महाराजांनी सगुणाच्या केसांवरून हात फिरवला. नवे केस आले होते, मऊ, बारीक.

त्या बसल्या होत्या, तेवढ्यात शिंत्रे आले. बरोबर पाच-सहा माणसं, हार, नारळ. ते रागात नव्हते. उलट त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांनी महाराजांचे पाय धरले आणि सांगितलं, की सगुणा बरी झाल्याचं सगळीकडे पसरलं आहे. महाराज स्वतः तिच्याबरोबर गेले, तिच्या उशाशी बसले, म्हणून ती वाचली, असं लोक म्हणताहेत. आता पुन्हा रीघ लागेल. काढा नको, काढ्याचं नावही नको. डॉक्टरांकडे जा, असंच सांगू. फक्त एवढंच म्हणायचं, की सगुणा तुमच्या आशीर्वादाने बरी झाली.

त्यात खोटं काय आहे, असं त्यांनी सगुणालाच विचारलं.

सगुणा घुटमळली. तिला महाराजांचं मन मोडायचं नव्हतं. वसुधा बोलणार होती, पण तिने स्वतःला आवरलं…

“तुम्ही नुसती मान हलवा, महाराज,” शिंत्रे म्हणाले. “मठ पुन्हा उभा राहील.”

महाराजांनी गळ्यात पडू घातलेला हार हाताने थोपवला.

“हलवतो,” ते म्हणाले. “आधी धोंडिबाच्या घरी जा, आणि तो कुणाच्या आशीर्वादाने मेला ते सांगून ये.”